मकरंदिकेचा विसर : 'कादंबरी' या शब्दामागील एका नायिकेचा शोध

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला दिवसातून अनेकदा उच्चारावा लागणारा शब्द म्हणजे 'कादंबरी'. वाङ्मयप्रकाराचे नाव म्हणून तो आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, मुळात ते एका स्त्रीचे नाव होते ही गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी लागते. हिंदी आणि बंगाली या भाषांनी या प्रकारासाठी 'उपन्यास' हा शब्द स्वीकारला, गुजरातीने 'नवलकथा' हा पत्करला. विशेषनामाचे सामान्यनाम करण्याचा मार्ग मराठीने आणि तिच्या शेजारच्या कन्नडने तेवढा धरला. भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही अर्थविस्ताराची एक साधी घटना आहे. परंतु ज्या स्त्रीच्या नावावरून हा शब्द आला ती कोण, तिची कथा बाणभट्टाच्या हाती येण्यापूर्वी कोणत्या रूपात नांदत होती, आणि त्या पूर्वरूपातील नायिकेचे पुढे काय झाले, हे प्रश्न केवळ शब्दकोशाचे नाहीत. प्रस्तुत लेखात त्यांचा मागोवा घ्यावयाचा आहे. आरंभीच सांगून टाकतो की, या शोधाच्या टोकाशी जी नायिका उभी आहे ती स्वतःचे नाव, कुळ आणि प्रियकर या सर्वांचा विसर पडलेली आहे.

बाणभट्ट हा सम्राट हर्षाचा आश्रित. हर्षाचा राज्यकाल इ. स. ६०६ ते ६४७ असा मानतात, तेव्हा 'कादंबरी' ही सातव्या शतकातील कृती ठरते. बाणाला 'बृहत्कथा' ठाऊक होती, इतकेच नव्हे तर तिच्याविषयी त्याला आदर होता, हे 'हर्षचरिता'च्या प्रास्ताविक श्लोकांवरून स्पष्ट होते. 'कादंबरी'च्या आरंभी त्याने आपल्या कथेला 'अतिद्वयी' असे विशेषण लावले आहे. दोन पूर्वीच्या कथांना मागे टाकणारी, असा त्याचा अर्थ करून टीकाकार त्या दोन कथा म्हणजे 'वासवदत्ता' आणि 'बृहत्कथा' असे सांगतात. ही 'बृहत्कथा' आज उपलब्ध नाही. आपल्यापुढे आहेत ती तिची पुढील रूपे : बुधस्वामीचा 'बृहत्कथाश्लोकसंग्रह', क्षेमेंद्राची 'बृहत्कथामंजरी', सोमदेवाचा 'कथासरित्सागर', आणि जैन परंपरेतील 'वसुदेवहिंडी'. यांपैकी 'कथासरित्सागरा'च्या दहाव्या लंबकात, म्हणजे शक्तियशोलंबकात, 'कादंबरी'च्या कथानकाशी अंगोपांगांसह जुळणारी एक कथा आली आहे. सोमदेव अकराव्या शतकातला, बाणाच्या नंतर चारशे वर्षांनी झालेला. त्यामुळे ही कथा बाणावरूनच घेतली असेल अशी शंका कोणी घेऊ शकेल. परंतु दोहोंतील नावे निराळी, घटनांची जुळणी निराळी, आणि सोमदेवाची कथा अनेक ठिकाणी बाणापेक्षा साधी व अनघड आहे. बाणाची इतकी घडीव कथा समोर असताना तिची अशी मोडतोड कोणी मुद्दाम करील, हे संभवनीय वाटत नाही. दोघांचाही उगम जुन्या 'बृहत्कथे'च्या परंपरेत आहे असे मानणेच अधिक सयुक्तिक होय.

आपल्या विद्यापीठाच्या परिसरात बसून या परंपरेविषयी लिहिताना एक गोष्ट विसरता येत नाही. काश्मिरी परंपरा 'बृहत्कथे'चा कर्ता जो गुणाढ्य, त्याला प्रतिष्ठानच्या भूमीत जन्मास घालते आणि सातवाहन राजाच्या दरबारी नेऊन बसवते. ते प्रतिष्ठान म्हणजे येथून सुमारे पन्नास किलोमीटरवरील पैठण. नेपाळातील परंपरा मात्र गुणाढ्याचा संबंध मथुरेशी आणि उज्जयिनीशी जोडते, म्हणून पैठणची ही आख्यायिका इतिहास म्हणून मांडण्याचे कारण नाही. पण भाषेच्या अभ्यासकाला ती आख्यायिका म्हणूनच अधिक मोलाची वाटावी. जलक्रीडेच्या वेळी राणी संस्कृतात 'मोदकैः' म्हणाली. तिला म्हणावयाचे होते 'मा उदकैः', म्हणजे पाण्याने मारू नका. राजाने मोदक आणवले आणि तो हास्यास्पद झाला. राजाला सहा महिन्यांत व्याकरण शिकवण्याची पैज शर्ववर्म्याने मारली. ती खरी झाली तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग करीन, असे गुणाढ्य बोलून बसला. शर्ववर्मा जिंकला. गुणाढ्याला उरली ती चौथी भाषा, पैशाची. विंध्याच्या अरण्यात त्याने त्या भाषेत सात लक्ष श्लोकांची कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली तेव्हा तो एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवी आणि अग्नीत टाकी. सहा लक्ष जळाले, एक लक्ष उरले. उरलेलेही पुढे काळाने नेले. जिची मूळ संहिता हरपली आणि जिच्या आठवणीच तेवढ्या परभाषांत उरल्या, अशा ग्रंथाच्या उत्पत्तिकथेत शाप, विस्मृती आणि पुनःस्मरण यांचीच साखळी असावी, हा योग चमत्कारिक खरा. पुष्पदंत आणि माल्यवान हे शिवाचे गण शापाने पृथ्वीवर येतात. कथा सांगितली की त्यांची सुटका होते. या कथापीठात पूर्वस्मृती जागी होते ती बहुधा कथेच्याच निमित्ताने, आणि पुढे मकरंदिकेच्या कथेतही हेच दिसते.

आता ती कथा. कांचनपुरी नगरीत सुमना राजाच्या दरबारात द्वारपाल येऊन सांगतो की, मुक्तालता नावाची एक निषादकन्या पिंजऱ्यातील पोपट घेऊन बाहेर उभी आहे, बरोबर तिचा भाऊ वीरप्रभ आहे. ती आत येते तेव्हा तिचे रूप पाहून सभा चकित होते. पोपट शास्त्रे जाणतो; राजाने विचारल्यावरून तो आपली हकीकत सांगतो, आणि त्या हकीकतीच्या पोटात पुलस्त्य ऋषींनी सांगितलेली दुसरी हकीकत येते. सोमप्रभ नावाचा राजपुत्र किन्नराचा पाठलाग करीत घोड्यावरून दूर रानात जातो. तेथे सरोवराकाठी त्याला मनोरथप्रभा ही विद्याधरकन्या तपस्विनीच्या वेषात भेटते. तिचा प्रियकर रश्मिमान हा मुनिपुत्र मृत्यू पावला आहे आणि पुनर्मीलनाच्या आश्वासनावर ती जगते आहे. तिची सखी मकरंदिका ही विद्याधरराज सिंहविक्रम याची कन्या. सखीचे लग्न होत नाही तोवर मी करणार नाही, असा हट्ट धरून ती बसली आहे. सोमप्रभाला पाहताच तिचा हट्ट ढळतो. पण पित्याचा निरोप आल्याने सोमप्रभ स्वनगरी परततो, आणि इथून कथेला वळण लागते.

मकरंदिकेला विरह सोसवत नाही. तिला उद्यान नको, गाणे नको, सख्या नकोत. तिचे अन्न सुटते. वेडी होऊन ती भटकू लागते. आईबाप समजावतात ते तिच्या कानी शिरत नाही. तेव्हा संतापून तेच तिला शाप देतात की, काही काळ तू निषादांच्या कुळात जाऊन पडशील, याच देहाने, आणि पूर्वीच्या जन्माची तुला आठवण राहणार नाही. याच देहाने! या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. या कथेत पुनर्जन्म पुष्कळ आहेत. रश्मिमान मरतो आणि सुमना होतो. लेकीला शाप दिल्याच्या पश्चात्तापाने सिंहविक्रम मरतो आणि पोपट होतो. त्याची पत्नी रानडुकरीण होते. मकरंदिका एकटीच मरत नाही. तिचा देह तोच, चेहरा तोच, वय तेच. बदलते ते नाव आणि घर, आणि जाते ती आठवण. भारतीय कथावाङ्मयात जन्मांतरामुळे येणारे विस्मरण जागोजागी आढळते, कारण जन्म बदलला की विसर पडतो हे तेथे गृहीतच असते आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. जिवंतपणी, एकाच देहात, स्वतःचाच विसर पडलेली नायिका मात्र विरळा. आजच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत जी स्मृतिभ्रष्ट नायिका वारंवार भेटते, तिची आपल्याकडील जुनी बहीण शोधावयाची तर ती हीच होय.

आणखी एक विपरीत गोष्ट या कथेत आहे. शाप देणारा बाप पोपट होतो, पण पूर्वतपाच्या बळावर त्याला शास्त्रांची आठवण राहते, आणि ऋषीच्या तोंडून कथा ऐकून तो स्वतःलाही ओळखतो. मुलीला पिंजऱ्याबाहेर ठेवून तिचा विसर आणि बापाला पिंजऱ्यात ठेवून त्याची आठवण, अशी ही वाटणी आहे. ती ज्या पोपटाला राजाकडे नेते तो आपला बाप आहे हे तिला ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहे.

मकरंदिकेचा अपराध कोणता आणि शिक्षा ती कोणती, याचा विचार भाषेच्या अंगाने केला तर एक मनोरंजक गोष्ट हाती लागते. हेमचंद्राने बाराव्या शतकात रचलेल्या प्राकृत व्याकरणात, आठव्या अध्यायाच्या चौथ्या पादात, संस्कृत 'स्मृ' या धातूसाठी प्राकृतात वापरले जाणारे आदेश दिले आहेत. त्यांत 'झर', 'सुमर' यांच्याबरोबर 'झूर' हाही आहे. लगेच पुढच्या सूत्रात 'विस्मृ'साठी 'वीसर' येतो. मराठीतील 'झुरणे' आणि 'विसरणे' ही क्रियापदे या कुळांतली. म्हणजे आज आपण 'झुरणे' म्हणतो तेव्हा शरीराचे सुकणे आणि मनाचे खंतावणे एवढेच मनात आणतो. शब्दाच्या पोटात मात्र आठवण्याची क्रिया दडलेली आहे. संस्कृतातही 'स्मर' हे मदनाचे नाव असून त्याचा मूळ अर्थ स्मरण हाच. मकरंदिकेचा अपराध झुरण्याचा आणि शिक्षा विसरण्याची. एकाची आठवण इतकी झाली की बाकीच्या जगाचा विसर पडला. म्हणून आईबापांनी त्या एकाचीही आठवण काढून घेतली. हेमचंद्राच्या त्या दोन सूत्रांत 'विम्हर' हा एकच आदेश स्मरण आणि विस्मरण या दोन्ही अर्थी आलेला आहे, हे जाता जाता नमूद करतो. त्यावर सिद्धांत उभारण्याइतके बळ त्यात नाही. परंतु बोलीने या दोन क्रियांमधील भिंत फारशी जाड मानली नव्हती एवढे तरी त्यावरून दिसते.

ही रचना वाचताना शाकुंतलाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तेथेही प्रियकराच्या चिंतनात गढलेल्या कन्येला दारी आलेल्याचे भान राहत नाही आणि त्याबद्दल शाप मिळतो. परंतु कालिदासाने एक मोठा फरक केला. शकुंतलेच्या अनवधानाची शिक्षा म्हणून विसर पडतो तो दुष्यंताला. महाभारतातील मूळ उपाख्यानात विस्मरण नाहीच. तेथे राजाला सर्व आठवते आणि तो लोकापवादाच्या भीतीने नाकारतो. कालिदासाने शाप आणि मुद्रिका घालून राजाला दोषमुक्त केले, असे आपले टीकाकार पूर्वीपासून म्हणत आले आहेत आणि ते बरोबरच आहे. मला त्याच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधावयाचे आहे. पुरुषाचा विसर हे त्याचे निर्दोषत्व ठरले, आणि आठवण सांभाळण्याचे ओझे स्त्रीच्या वाट्याला आले. शकुंतलेला सर्व आठवते. दुर्वासाचा शाप तेवढा तिला ठाऊक नाही.

बाणाने याच वाटेने पुढचे पाऊल टाकले. मकरंदिकेची कादंबरी झाली, मनोरथप्रभेची महाश्वेता, सोमप्रभाचा चंद्रापीड, रश्मिमानाचा पुंडरीक. हे नामांतर महत्त्वाचे नाही. विस्मृतीचे जे स्थलांतर झाले ते महत्त्वाचे आहे. बाणाच्या कथेत कादंबरी काहीही विसरत नाही. विसरतात ते पुरुष. चंद्र चंद्रापीड होतो आणि पुढे शूद्रक राजा होतो, पुंडरीक वैशंपायन होतो आणि पुढे पोपट होतो. प्रत्येक जन्मात त्यांचा मागचा धागा तुटतो. बाणाच्या मृत्यूनंतर त्याच्या पुत्राने पूर्ण केलेल्या उत्तरभागात, वैशंपायन अच्छोद सरोवराकाठी येतो तेव्हा हरवलेले काहीतरी शोधत असावा तसा तो तेथील लताकुंजांतून हिंडू लागतो आणि सोबत्यांनी कितीही विनवले तरी तेथून हालत नाही. विसर पडला आहे, पण विसर पडल्याची जाणीव बुजलेली नाही, ही मनाची अवस्था सबंध संस्कृत कथावाङ्मयात इतक्या नेमकेपणाने क्वचितच रेखाटली गेली असेल. पुत्राचे कर्तृत्व पित्याहून उणे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. या प्रसंगापुरती तरी ती बाजूला ठेवावी. महाश्वेता या अनोळखी तरुणाचे प्रेमालाप ऐकून त्याला शाप देते, आणि ज्याची वाट पाहत ती वर्षानुवर्षे बसली आहे त्यालाच ती पोपट करून टाकते. तिला सारे आठवते. तरी ती ओळखू शकत नाही. आठवण आणि ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे येथे कथेनेच दाखवून दिले आहे.

कादंबरीकडे मात्र आठवणीची राखण आहे. पहिल्या भेटीत ती जिथे दिसते ते कन्यान्तःपुर म्हणजे बाणाने उभे केलेले स्त्रियांचे एक स्वतंत्र विश्वच आहे. हेमकूटावरील त्या महालात परपुरुषाचा वावर नाही. पण भिंती आणि प्रतिहारी हे बाहेरचे पहारे झाले. खरा पहारा तिने स्वतःवर बसवला आहे : महाश्वेता दुःखात असेतो विवाह नाही. चंद्रापीडाला पाहिल्यावर तिचे मन वश होते. परंतु ती बोलत नाही, विडा देतानाही तिचा हात कापतो, आणि जे सांगावयाचे ते सख्यांच्या द्वारे सुचवते. आपल्या समीक्षेत याला लज्जा म्हणून एका शब्दात निकालात काढतात. वस्तुतः तेथे व्रत आणि इच्छा यांचा झगडा चालू आहे. चंद्रापीड मरण पावल्यावर त्याचा न विटणारा देह सांभाळत ती सरोवराकाठी बसते. जिच्यावर पहारा होता तीच आता पहारेकरीण होते. तिच्या नावात एक गंमतही आहे. 'कादंबरी' म्हणजे मद्य, आणि कथेत तिच्या आईचे नावच मदिरा. सगळ्यांना भान हरपावयास लावणाऱ्या वस्तूचे नाव जिला दिले, तीच सबंध कथेत भान न हरपणारी निघाली.

मग मकरंदिकेचा विसर गेला कोठे? बाणाने तो नायिकेकडून काढला, पण निषादकन्येची आकृती त्याला टाकता आली नाही. शूद्रकाच्या दरबारात पोपट घेऊन जी येते ती आता चांडालकन्या आहे. ती दूर उभी राहून बांबूच्या काठीने फरशीवर आघात करते आणि सभेचे लक्ष वेधून घेते. तिचे अनुपम लावण्य पाहून राजाच्या मनात येते की, ब्रह्मदेवाने हिला स्पर्शाच्या दोषाला भिऊन, हात न लावताच घडवले असावे. हेमकूटावर अंतःपुर कन्येला जगापासून राखते. येथे राजसभा स्वतःला एका कन्येपासून राखते आहे. आणि शेवटी उलगडा होतो तो असा की, ही चांडालकन्या म्हणजे पुंडरीकाची माता लक्ष्मी. तिला सर्व काही आधीपासून ठाऊक आहे, आपल्या पुत्राला सांभाळण्यासाठी तिने हे रूप घेतले आहे. विसर पडलेल्या मुलीच्या जागी सर्वज्ञ देवी आली. कथेची गुंतागुंत त्यामुळे सुबक झाली यात शंका नाही. परंतु मूळ कथेत जी एक बोचणी होती ती नाहीशी झाली.

ती बोचणी कोणती, हे स्पष्ट करणे आज आवश्यक वाटते. 'कथासरित्सागरा'त शिव मनोरथप्रभेला आणि सोमप्रभाला स्वप्नात सांगतो की, सुमना राजाकडे जा, तेथे शापित मकरंदिका मुक्तालता या नावाने आली आहे. तुला पाहताच तिला आपले विद्याधरत्व आठवेल. तसेच घडते. ओळख पटते, शाप सरतो, दोन्ही युगुले एकत्र येतात, पोपट देह ठेवून आपल्या तपाने मिळवलेल्या लोकी जातो. आणि वीरप्रभ? ज्या घरात मुक्तालता राहिली ते घर? कथेच्या आनंदात त्यांची आठवण निघत नाही. विद्याधरकन्येला तिची स्मृती परत मिळाली, त्याच क्षणी निषादकन्येची स्मृती पुसली गेली; पण या दुसऱ्या विसराला कोणी विसर म्हणत नाही, कारण ज्या जीवनाचा विसर पडला ते जीवन मुळातच शाप म्हणून गणले गेले होते. उच्च कुळाचे जगणे ही स्मृती आणि हीन मानलेल्या कुळाचे जगणे हे तिचे अभावरूप, असे समीकरण या कथेत गृहीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात हा मजकूर वाचणाऱ्याला ते समीकरण खटकल्यावाचून राहू नये. तरीही कलेच्या दृष्टीने पाहता सोमदेवाने, किंवा त्याच्या मूळ कथाकाराने, निदान एक निषाद भाऊ बहिणीच्या बरोबर उभा केला, त्याला नाव दिले. बाणाच्या सभेत पोपटाचा पिंजरा धरून जो मुलगा येतो त्याला नावही नाही.

काश्मीरमध्ये ही कथा नव्याने सांगितली जात होती तो काळ तेथे प्रत्यभिज्ञादर्शनाच्या भराचा होता. जीव हा शिवच आहे, त्याला स्वरूपाचा विसर पडला आहे आणि मोक्ष म्हणजे त्याची पुन्हा ओळख पटणे, हा त्या दर्शनाचा गाभा. उत्पलदेवाने आपल्या कारिकांच्या शेवटी दृष्टांत दिला आहे तोही प्रेमिकेचाच : प्रियकर समोर येऊन उभा आहे, पण तो तोच हे न कळल्यामुळे तिला तो इतर माणसांसारखाच वाटतो. 'बृहत्कथामंजरी'चा कर्ता क्षेमेंद्र हा अभिनवगुप्ताचा शिष्य होता. कथेतून दर्शन निघाले की दर्शनाने कथेला रंग दिला, असा प्रश्न घालून वाद रंगवण्यात मला स्वारस्य नाही. शापित नायिका समोरच्या प्रियकराला ओळखते या प्रसंगाचे त्या प्रदेशातील श्रोत्यांना केवळ रंजन म्हणून मोल नव्हते, एवढे ध्यानी घेतले म्हणजे पुरे.

आपल्या मराठवाड्याच्या उत्तर सीमेवर याच्या अगदी उलट चित्र भिंतीवर रंगवलेले आहे. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात, आणि पुन्हा सतराव्यात, षड्दंत जातक चितारले आहे. दहाव्या लेण्यातील चित्र इसवी सनापूर्वीचे, म्हणजे सातवाहनकालीन मानतात. त्यातील राणी सुभद्रा मागच्या जन्मी गजराजाची पत्नी होती. त्याने आपल्याला डावलले ही खंत घेऊन ती मेली, आणि मनुष्यजन्मातही ती विसरली नाही. तिने व्याध पाठवून त्या सहा सुळ्यांच्या हत्तीचे दात कापून आणवले, आणि ते समोर येताच तिला मूर्च्छा आली व त्या दुःखातच तिचा अंत झाला. मकरंदिकेला विसराने जे भोगावे लागले त्याहून सुभद्रेला आठवणीने भोगावे लागले ते अधिक दारुण आहे. बौद्ध परंपरेत पूर्वजन्मांचे स्मरण ही बुद्धत्वाची संपदा. पण त्याच परंपरेतील चित्रकाराने स्मरणाने पोळलेली राणी इतक्या आत्मीयतेने रंगवली आहे. पैठणशी जोडलेली कथा आणि अजिंठ्याची भिंत या दोन्ही एकाच मुलुखाच्या. एकीत स्त्री विसरते, एकीत विसरू शकत नाही.

मराठीने 'कादंबरी' हे नाव घेतले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तेव्हाच्या विद्वानांना गद्यातील दीर्घ कल्पितकथेचा सर्वमान्य नमुना बाणाचाच दिसत होता, त्यामुळे नाव तेथून येणे स्वाभाविक होते. या काळातील ग्रंथनामे पाहण्यासारखी आहेत : बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७चे, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ची आणि 'रत्नप्रभा' १८६६ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' १८६८ची. चारही पुस्तकांच्या नावांत नायिका आहे. बाणाचे अनुकरण शैलीत किती आणि घटनांत किती, यावर मतभेद होऊ शकतील; ग्रंथाला नायिकेचे नाव द्यावे हा धडा मात्र पुरता गिरवलेला दिसतो. (निषादकन्या मुक्तालता आणि हळब्यांची मुक्तामाला यांच्या नावांतील साम्य पाहून कोणी संबंध जोडू नये, मोत्यांची नावे संस्कृतप्रचुर लेखनात सर्वत्र विखुरलेली आहेत.) हळबे-रिसबुडांच्या नायिकांवर संकटे कोसळतात, वियोग घडतात, त्यांच्या शीलावर घाला येतो, अद्भुताची रेलचेल होते. परंतु त्या काही विसरत नाहीत. विसरणे त्यांना परवडणारे नव्हते. पातिव्रत्य ही ज्या कथेची कसोटी, तिच्यात नायिकेच्या स्मृतीला तडा जाणे म्हणजे तिच्या निष्ठेलाच तडा जाणे. मकरंदिकेचा विसर निष्पाप आहे हे सोमदेवाच्या श्रोत्यांना सहज पटले असते. १८६० च्या सुमारास पुण्या-मुंबईच्या वाचकाला ते पटवण्याचे धाडस कोणी केले नाही. राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' या निबंधात या प्रकाराचा विचार केला, तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता तो अद्भुत आणि वास्तव यांचा. नायिकेच्या स्मृतीकडे त्यांचेही लक्ष गेले नाही, आणि त्या वेळी ते जाण्याचे कारणही नव्हते.

विस्मृतीचे हे सूत्र मराठीत दिसले ते रंगभूमीवर, आणि पुन्हा पुरुषाच्या वाट्याला. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि विसरलेला राजा घरोघरी ठाऊक झाला.

कादंबरीत मात्र १८९० नंतर निराळीच गोष्ट घडली. हरि नारायण आपट्यांनी 'करमणूक' पत्रातून 'पण लक्षात कोण घेतो' लिहावयास घेतली. तिची नायिका यमू ही मध्यमवर्गीय ब्राह्मण घरातील मुलगी. ना विद्याधरी ना गंधर्वकन्या. तिच्यावर पहारा आहे तो सासरच्या माणसांचा, रीतिरिवाजांचा, आणि वैधव्यानंतर न्हाव्याच्या वस्तऱ्याचा. तिच्याजवळ तिचे म्हणावे असे काहीही राहत नाही, एक आठवण सोडून. सबंध कादंबरी हे तिचे स्वतःचे आठवून सांगणे आहे. बालपणीच्या खेळापासून ते केशवपनापर्यंत ती एकेक गोष्ट उकलून ठेवते, आणि ग्रंथाचे नावच विचारते की हे सारे ध्यानात ठेवणार कोण. मकरंदिकेला तिची कथा दुसऱ्याने सांगावी लागली, तीही पिंजऱ्यातील बापाने. कादंबरीची कथा जाबालींनी सांगितली, पोपटाने सांगितली, शेवटी लक्ष्मीने सांगितली. यमूची कथा यमूने सांगितली.

'लक्षात घेणे' हा वाक्प्रचार 'आठवणे' याहून वेगळा आहे. आठवण आपोआप येते, लक्षात घ्यावे लागते. हेमचंद्राच्या सूत्रांत त्याला प्रतिशब्द सापडत नाही. मराठीत तो कधी रूढ झाला आणि कोणकोणत्या अर्थच्छटांनी वापरला गेला, याची नोंद जुन्या गद्यातून, विशेषतः पत्रव्यवहारांतून आणि कैफियतींतून, पद्धतशीरपणे गोळा व्हावयास हवी. आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हे काम अंगावर घेतल्यास 'झुरणे' आणि 'विसरणे' यांच्या जोडीला ही तिसरी नोंदही ऐतिहासिक क्रमाने लावता येईल.